रेडिओच्या काट्यावरचा सीमाभाग

बेळगाव, खानापूर, निपाणी या बाजूच्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांना त्यांच्या शाळेच्या दिवसांविषयी विचारले, तर ती सहसा इसवी सन सांगत नाहीत. ‘गीतरामायण’ चालू होते तेव्हा चौथीत होतो, असे एक सांगतो. ‘श्री ४२०’ची गाणी लागत तेव्हा नुकतीच इंग्रजी मुळाक्षरे गिरवीत होतो, असे दुसरा सांगतो, आणि तिसऱ्याची मॅट्रिकची परीक्षा ‘संगम’च्या साली झालेली असते. शालिवाहन आणि विक्रम या शकांच्या पंक्तीला हा एक तिसरा शकच बसला आहे म्हणाना! नवलाची गोष्ट अशी की, हा शक बहुधा बिनचूक असतो. ‘गीतरामायण’ १९५५-५६चे, ‘श्री ४२०’ १९५५चा, ‘संगम’ १९६४चा. माणसाला स्वतःच्या इयत्तेविषयी शंका असली तरी गाण्याविषयी नसते.

सीमाप्रश्नाचा इतिहास आजवर पुष्कळांनी लिहिला आहे. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, तेथपासून महाजन आयोगाच्या १९६७च्या अहवालापर्यंत आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यापर्यंत कागदपत्रांची ददात नाही. परंतु ठराव, आयोग आणि दावे यांच्या काळात या मुलखातली मुले शाळेत जात होती, आणि शाळेत जाण्यापूर्वी व शाळेतून परतल्यावर त्यांच्या कानांवर काही पडत होते. काय पडत होते, कोठून येत होते, हे पाहू गेल्यास या भागाचा आणखी एक नकाशा हाती लागतो. तो भूमापन खात्याने काढलेला नाही. रेडिओच्या काचेवर, फिरत्या काट्याखाली तो उमटलेला होता, आणि सरकारी नकाशाशी तो कधीच जुळला नाही.

त्या काळचा रेडिओ म्हणजे भिंतीवरच्या फळीवर ठेवलेली, विणलेल्या रुमालाने झाकलेली लाकडी पेटी. मर्फी, फिलिप्स, बुश ही नावे मुलांना पाठ असत. कळ फिरवली तरी आवाज लगेच येत नसे. आतील व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहावी लागे. छपरावर तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे आणि दरवर्षी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरावे लागत. साहजिकच यंत्रे थोडी आणि कान फार, अशी स्थिती होती. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओसरीवर गल्लीतली पोरे, आणि ज्यांना ओसरीही मिळाली नाही त्यांना हॉटेलाच्या दारातला कोपरा. चहाला पैसे नसले तरी गाणे फुकट होते. बेळगावात खडे बाजार, गणपत गल्ली येथून शाळेच्या वाटेने जाणाऱ्या मुलाला एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलापर्यंत पोचताना गाण्याचे एकेक कडवे मिळे. पुढचे ऐकायचे तर पाय जरा उचलावे लागत!

काचेवरच्या या नकाशात जवळचे गाव धारवाड होते. मुंबईचे केंद्र १९२७चे, पण ते लांब. धारवाडचे नभोवाणी केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले आणि पुण्याचे २ ऑक्टोबर १९५३ रोजी. आज पुष्कळांच्या ध्यानात येत नाही ते हे की, १९५० साली धारवाड, बेळगाव आणि पुणे ही तिन्ही गावे एकाच मुंबई राज्यात होती. म्हणजे बेळगावच्या मराठी मुलाला धारवाडचा आवाज परक्या राज्यातून येत नव्हता. तो पाऊणशे किलोमीटरांवरच्या शेजाऱ्याचा आवाज होता. पुणे मात्र सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर दूर. मध्यमलहरींचा स्वभाव असा की, दिवसा त्या जमिनीला धरून चालतात आणि अंतर वाढले की थकतात. सूर्य मावळल्यावर त्याच लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल ओलांडतात. त्यामुळे दिवसा ठणठणीत ऐकू येई ती कन्नड. मायबोली ऐकायची तर खरखरीतून वेचून घ्यावी लागे, किंवा दिवेलागणीची वाट पाहावी लागे.

ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. पुण्याच्या मुलाने मराठी गाणे ऐकले, ते कळ दाबली आणि लागले म्हणून. निपाणीच्या मुलाने ते शोधले. काटा केसभर इकडे, केसभर तिकडे. मग एरियलची तार हातात धरून कोणी तरी उभे राहायचे, कारण माणसाचा हात लागला की आवाज जरा सुधारतो. जे शोधून मिळवलेले असते त्याची किंमत निराळी. सीमाभागातील माणसे जुन्या मराठी गाण्यांविषयी आजही ज्या हट्टाने बोलतात, त्याच्या मुळाशी राजकारणापूर्वी ही खरखर आहे.

पण म्हणून धारवाडचे ऋण विसरता येणार नाही. मल्लिकार्जुन मन्सूर त्या केंद्राचे संगीत सल्लागार होते. गंगूबाई हनगल जवळच हुबळीला राहत. त्यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिकांत मराठी भावगीतेही होती. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे सोलापूरच्या महाविद्यालयात बारा वर्षे कन्नड शिकवून १९५६ साली धारवाड केंद्राचे सल्लागार झाले. त्यांची मातृभाषा मराठी होती! रागदारीला अनुवाद लागत नाही, आणि संध्याकाळी धारवाडहून यमन सुरू झाला म्हणजे कोणत्या घरात कोणती भाषा बोलतात हे रस्त्यावरून कळत नसे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरची भाषा कन्नड. त्यांच्या गाण्यावर जीव टाकणाऱ्या महाराष्ट्राला याची आठवण फारशी होत नाही. आणि मागे गेले तर संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. ते बेळगावच्या शाळेत शिक्षक असताना गोविंद बल्लाळ देवल त्यांच्या वर्गात होते. पुढे सत्तर-ऐंशी वर्षांनी रेडिओवर नाट्यगीत लागे, तेव्हा ते बेळगावच्या एका शाळेच्या खोलीतून निघून फिरून परत येत होते असे म्हटले तर फार चुकणार नाही.

शाळकरी मुलांना मात्र रागदारीपेक्षा दुसऱ्याच गाण्यांची ओढ होती. त्या ओढीचा इतिहास एका मराठी माणसाच्या निर्णयापासून सुरू होतो. डॉ. बा. वि. केसकर १९५२ साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत होते, आणि त्यांनी नभोवाणीवरील सिनेसंगीताला कात्री लावली. निर्मात्यांशी वाद झाला आणि ती गाणी सरकारी केंद्रांवरून जवळजवळ नाहीशी झाली. केसकरांच्या धोरणाची थट्टा करणे आज सोपे आहे. त्यांनी शास्त्रीय संगीताला जे स्थान दिले, आणि केंद्राकेंद्रांतून सुगम संगीताचे जे विभाग वाढीस लावले, त्यांतूनच मराठी भावगीताला नभोवाणीचे हक्काचे घर मिळाले हे कबूल केले पाहिजे. पण मुले कबुलीजबाबाने गप्प बसत नाहीत. दिल्लीने दार लावले, तेव्हा त्यांनी समुद्रापलीकडची खिडकी उघडली.

ती खिडकी म्हणजे रेडिओ सिलोन. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी उभारलेले जबरदस्त लघुलहरी प्रक्षेपण यंत्र युद्धानंतर सिलोनच्या हाती आले होते. लघुलहरींना अंतराची तमा नाही. कोलंबोचा आवाज बेळगावला पुण्याहून अधिक स्पष्ट येई! सकाळी साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी लागत आणि शेवटचे गाणे नेहमी कुंदनलाल सैगल यांचे असे. ज्या घरात घड्याळ नव्हते तेथे सैगलांनी घड्याळाचे काम केले. त्यांचा आवाज सुरू झाला की आठ वाजत आले, आता पाटी-दप्तर उचलावे, हे समजे. सैगल १९४७ सालीच निवर्तले होते. आपल्यामागे आपण हजारो मुलांना शाळेत पाठविण्याचे काम पाहणार आहोत, हे त्या थोर गायकाच्या स्वप्नातही आले नसेल.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. त्या रात्री ‘बिनाका गीतमाला’ प्रथम लागली. निवेदक अमीन सयानी. हा कार्यक्रम पुढे गाण्यांच्या लोकप्रियतेची उतरंड लावू लागला, परंतु आरंभी त्याचे स्वरूप निराळे होते. सात गाणी वाजवायची आणि ती कोणत्या कालक्रमाने आली हे श्रोत्यांनी ओळखून कळवायचे, अशी ती स्पर्धा होती. म्हणजे गाण्यांवरून साल ओळखण्याचा जो शक वर सांगितला, त्याचे पहिले पाठ रेडिओनेच दिले! इतिहासाच्या तासाला सनावळीचा कंटाळा करणारी मुले बुधवारी रात्री सनावळीसाठीच कान टवकारून बसत. पुढे क्रमवारी आली आणि गुरुवारच्या मधल्या सुट्टीला विषय मिळाला. कोणते गाणे चढले, कोणते उतरले यावर पैजा लागत. वर्षअखेरच्या क्रमवारीत पहिले कोण, याची उत्कंठा वार्षिक निकालापेक्षा कमी नसे. १९५७ साली ‘जनम जनम के फेरे’ या फारशा गाजावाजा नसलेल्या चित्रपटातील गाणे पहिले आले, तेव्हा भल्याभल्यांच्या पैजा बुडाल्या असतील. परीक्षा जवळ आली म्हणजे वडीलमंडळी रेडिओवर कापड टाकीत. तरी शेजारच्या भिंतीतून ऐकू येई तेवढ्याला कोणाचाच इलाज नव्हता.

बेळगावच्या कॅम्पात चित्र थोडे वेगळे होते. लष्करी छावणीचा तो भाग; तेथे गोव्याकडून आलेली ख्रिस्ती कुटुंबे, रेल्वेतील व सैन्यातील नोकरदार राहत. १८५६ साली स्थापन झालेल्या सेंट पॉल्स शाळेतील कित्येक मुलांना सिलोनचाच पण इंग्रजी विभाग जवळचा. ग्रेग रोस्कोव्हस्की यांची ‘बिनाका हिट परेड’, पॅट बून, जिम रीव्ह्ज, पुढे क्लिफ रिचर्ड. मराठी शाळेतल्या मुलांना ही गाणी समजत नसत. पण चाल उचलून तीवर भलतेच मराठी शब्द बसविण्याची कला प्रत्येक पिढीत असतेच.

हिंदी गाण्यांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. सीमाभागात भाषा हा वादाचा विषय होता, घराघरांत होता, आणि मुलांच्या खेळापर्यंतही तो उतरे. पण सयानींची हिंदुस्थानी ना मराठीची होती, ना कन्नडची. बुधवारी आठ ते नऊ या वेळात टिळकवाडीतले मराठी घर आणि त्याच्या शेजारचे कन्नड घर एकच गाणे ऐकत होते. एकतेची भाषणे देणाऱ्यांना हे साधले नाही, ते दात घासण्याच्या पेस्टच्या एका जाहिरातीने आठवड्यातून तासभर साधले.

आता ‘गीतरामायणा’कडे यावयाचे. हा विषय सीमाभागासाठी साधा नाही.

१ एप्रिल १९५५. रामनवमी आणि शुक्रवार. पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेल्या आणि सुधीर फडक्यांनी चाल दिलेल्या मालिकेतील पहिले गीत ध्वनिक्षेपित झाले. केंद्रावरील सीताकांत लाड यांनी ही कल्पना उचलून धरली होती. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला नवे गीत आणि शनिवारी, रविवारी त्याचेच पुनःप्रसारण, असा क्रम होता. योजना बावन्न गीतांची होती. पण त्या वर्षी अधिक मास आला आणि गीते छप्पन्न झाली. फडक्यांबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, ललिता फडके अशा अनेकांनी ती गायिली. पुण्यातील वृत्तपत्रे गीताचे शब्द छापू लागली. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकत, हे सर्वश्रुत आहे. सुधीर फडके कोल्हापूरचे. निपाणीहून कोल्हापूर चाळीस किलोमीटरांवर. निपाणीकरांना ते आपल्याच पेठेतले वाटावेत यात आश्चर्य नव्हते.

शुक्रवारची पावणेनऊची वेळ बेळगावला मात्र अडचणीची. ऊन वर आलेले, म्हणजे पुण्याचा आवाज मंद झालेला, आणि शाळेची वेळ जवळ आलेली. खरखरीतून एखादे कडवे यायचे, मध्येच धारवाडचे संगीत त्यावर चढायचे. मग शनिवारी तेच गीत पुन्हा ऐकायचे, रविवारी पुन्हा. तीन वेळा मिळून एक गीत पुरे व्हायचे. ज्यांना शब्द लागले ते वहीत उतरवून घेत, ज्यांना चाल लागली ते ती दुसऱ्यांना म्हणून दाखवीत. शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळे जुळून आले म्हणजे झाले! पुणेकराने ‘गीतरामायण’ ऐकले. बेळगावकराने ते तुकड्यातुकड्यांनी जोडले.

ही मालिका चालू असतानाच राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा कर्नाटकात जावा अशी त्याची शिफारस होती. आणि सोमवार, १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी नभोवाणीवरून पुनर्रचनेचे निर्णय देशाला सांगितले. मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहणार, हे महाराष्ट्राने त्या भाषणात ऐकले. आयोगाची सीमा कायम आहे, हे बेळगावने ऐकले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीस, बेळगाव-निपाणी भागात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसे मृत्युमुखी पडली. तेव्हापासून सतरा जानेवारी हा सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो.

येथे थोडा हिशेब मांडावासा वाटतो, कारण शाळेतील मुलांच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. १ एप्रिल १९५५पासून १३ एप्रिल १९५६पर्यंत पंचावन्न शुक्रवार येतात, आणि छप्पन्नावे गीत १९ एप्रिलला, पुढच्या रामनवमीला, गुरुवारी झाले. याचा अर्थ एकही शुक्रवार रिकामा गेला नाही. १३ जानेवारीच्या शुक्रवारी बेचाळिसावे गीत, सोमवारी नेहरूंचे भाषण, मंगळवारी गोळीबार, आणि २० जानेवारीच्या शुक्रवारी, पावणेनऊ वाजता, त्रेचाळिसावे गीत. त्याच पेटीतून, त्याच काट्यावर. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनात या गोष्टी वेगळ्या राहत नाहीत. त्या पिढीतील माणसे ‘गीतरामायणा’विषयी बोलू लागली की बोलणे पुष्कळदा त्या जानेवारीकडे वळते, आणि बाहेरच्या माणसाला हे विषयांतर वाटते. ते विषयांतर नसते. इतर महाराष्ट्राला त्या वर्षीचे गाणे भक्तीचे म्हणून आठवते. सीमाभागाला ते ज्या आठवड्यात ऐकले त्या आठवड्यासह आठवते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड मुंबई राज्यात राहिले. त्या दिवशी शाळांच्या दारावरचे आणि कचेऱ्यांचे काय बदलावयाचे ते पुढे बदलू लागले. रेडिओवर मात्र काहीही बदलले नाही. सिलोन तेथेच, धारवाड तेथेच, आणि पुणे तसेच खरखरीत. परवाना मात्र पूर्वीप्रमाणेच केंद्र सरकारच्या पोस्टातून, तेवढी एक सोय होती.

काही गाणी अशीही होती की ती रेडिओवर कधी लागलीच नाहीत आणि तरी प्रत्येक मुलाला पाठ होती. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांच्या कवनांची जागा मैदानात, मिरवणुकीत, गल्लीच्या तोंडाशी. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडीत बेळगाव, कारवार यांच्या ताटातुटीचे दुःख आहे. सरकारी नभोवाणीच्या यादीत असल्या गाण्याला कोठून जागा मिळणार? शाळेत हे म्हणायचे नाही असे मास्तर बजावीत, आणि संध्याकाळी तेच मास्तर सभेत मागच्या रांगेत उभे असत. गाण्याच्या इतिहासात रेडिओला फार मोठे स्थान द्यावे लागते, पण अशी उदाहरणे पाहिली म्हणजे ते थोडे बेताने द्यावे असे वाटते.

तसेच काट्यावर कधी तरी, काही शोधीत नसताना, आणखी एक आवाज सापडे. खानापूरच्या पलीकडे, गोव्याच्या वेशीवरील जंगलात, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन माणसे ‘गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज’ चालवीत होती. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून त्याचा आरंभ झाला. नंतर ते केंद्र कॅसल रॉकला हलले, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ते बोलत राहिले. पोर्तुगीजांचे एमिसोरा दि गोवा एकीकडे पाश्चात्त्य संगीत वाजवीत होते आणि दुसरीकडे हा आवाज त्याला उत्तर देत होता. बेळगाव तेव्हा गोव्याच्या सत्याग्रहींचे ठाणे होते, त्यामुळे मुलांना त्याचा अर्थ सांगावा लागत नसे. लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, पद्मश्री मिळाली.

केसकरांच्या खात्यालाही अखेर सिलोनची स्पर्धा झेपेना. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि सिनेसंगीताला घरचे दार पुन्हा उघडले. योगायोग असा की, त्याच दिवशी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, सरकारच्या प्रकाशन विभागाने ‘गीतरामायणा’चे पुस्तक प्रसिद्ध केले. ज्यांनी खरखरीतून शब्द गोळा केले होते त्यांना आता आपल्या वह्या तपासून पाहता आल्या. कोठे काय चुकीचे ऐकले होते ते कळले. पण लहानपणी चुकीचे पाठ झालेले शब्द पुस्तकाने दुरुस्त होत नाहीत, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

खरा बदल घडला तो ६ ऑक्टोबर १९६३ रोजी. त्या दिवशी सांगलीचे केंद्र सुरू झाले. मराठी आवाज प्रथमच जवळून, भर दुपारी, तार हातात न धरता ऐकू येऊ लागला. निपाणीच्या अंगाने तर तो अगदी उंबऱ्यावर आला. बेळगावच्या शहापुरात त्याला एक जुना संदर्भही होता. शहापूर हे आज बेळगावचे अंगच आहे, पण संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगलीच्या पटवर्धनांच्या मुलखात मोडे. बेळगावातून शहापुरात जाताना माणूस ब्रिटिश हद्दीतून संस्थानी हद्दीत जाई. सीमा गावातून जाणे हे त्या लोकांना १९५६मध्ये नवीन नव्हते. नवीन होते ते सीमेला भाषा चिकटणे.

सांगलीच्या पाठोपाठ ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि रेडिओ फळीवरून खाली उतरला. निपाणी हे तंबाखूचे गाव. वखारींतून, घराघरांतून तंबाखू निवडणाऱ्या, विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे हात आणि डोळे कामात गुंतलेले असत. कान तेवढे मोकळे. त्या कानांसाठी ट्रान्झिस्टर हे वरदान ठरले. शाळा सुटल्यावर आईच्या शेजारी बसून पाने कातरणाऱ्या मुलीचे गाण्यांचे ज्ञान, रेडिओवर कापड टाकणाऱ्या घरातील मुलापेक्षा नेहमीच अधिक होते. तिच्या वाट्याला शाळेची वर्षे थोडी आली, ही त्यातली दुसरी बाजू. गाण्यांच्या आठवणी सांगणाऱ्यांत अशा मुली फारशा दिसत नाहीत. त्यांना शाळेच्या दिवसांविषयी कोणी विचारले नाही.

निपाणीची आणखी एक मौज. गाव म्हैसूर राज्यात राहिले, पण १९६० साली देवचंद महाविद्यालय निघाले ते गावाला लागून असलेल्या अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. शाळेत शिकायचे एका राज्यात आणि महाविद्यालयात जायचे दुसऱ्या राज्यात. मध्ये अंतर सायकलचे. त्या वाटेवर खिशातल्या ट्रान्झिस्टरला आपण राज्य ओलांडले हे कळायचे काही कारण नव्हते. महाजन आयोगाने पुढे निपाणी, खानापूर यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच राहावे असे म्हटले. महाराष्ट्राने ते नाकारले, आणि गावे होती तेथेच राहिली.

याच अहवालाच्या वर्षी, १९६७ साली, ‘क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा’ नावाचा कन्नड चित्रपट आला. रायण्णा बेळगाव जिल्ह्यातला. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा हा शूर सेवक १८३१ साली फासावर गेला तो खानापूर तालुक्यातल्या नंदगडला. चित्रपटाचे संगीतकार लक्ष्मण बेरळेकर यांनी त्यातील गाण्यांसाठी लता मंगेशकरांना बोलावले. सांगलीत बालपण घालवलेल्या या गायिकेने कन्नडमध्ये गायिलेली ती दुर्मिळ गाणी, आणि ती धारवाडवरून लागली तेव्हा आवाज कोणाचा हे मराठी घरांना सांगावे लागले नाही. शब्द कन्नड, कथा या मातीतली, गळा मंगेशकरांचा. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी त्या वर्षी पुष्कळ भाषणे केली. या गाण्याची गोष्ट कोणी काढली असेल असे वाटत नाही. ‘गीतरामायणा’चा कन्नड अनुवादही झाला आहे आणि तो मूळ चालींवरच गाता येतो, ही गोष्टसुद्धा सीमाप्रश्नाच्या सभांतून कधी ऐकू येत नाही.

पुढचा काळ शाळकरी मुलांना सोपा गेला नाही. गोकाक समितीचा अहवाल, १९८६चे कन्नड सक्तीविरुद्धचे आंदोलन, पुन्हा गोळीबार. तोपर्यंत टेपरेकॉर्डर आले होते, दूरदर्शन येऊ लागले होते, आणि गाणे शोधण्याची गरज उरली नव्हती. हवे ते विकत मिळत होते. १९८९ साली ‘गीतमाला’ सिलोन सोडून ‘विविध भारती’वर आली. सयानी २०२४ मध्ये वारले, तेव्हा बेळगावातील वृद्ध मंडळींनी बुधवारच्या रात्रींच्या आठवणी मराठीत आणि कन्नडमध्ये सारख्याच जिव्हाळ्याने काढल्या असतील.

जगभरच्या मध्यमलहरींची नवी वाटणी १९७८ साली अमलात आली. तीत धारवाडला ७६५ किलोहर्ट्झ मिळाले आणि पुण्याला ७९२. सांगली दूर, १२५१वर. मधल्या नऊ-नऊच्या टप्प्यांनी मोजले तर धारवाड आणि पुणे यांच्यात काट्याची फक्त तीन पावले. ज्यांच्याकडे जुना रेडिओ अजून आहे त्यांनी काच पुसून पाहावी. दोन्ही जागा एका बोटाच्या रुंदीत बसतात.